गोयाबेरासचं काळं मडकं आणि त्यातला मोकेका

गॅस बंद केला, मडकं टेबलावर आणलं, ताटं घेतली, भात वाढला, मुलाला तिसऱ्यांदा हाक मारली, तरी आतलं कालवण रटरटतच होतं. ब्राझीलमधल्या गोयाबेरास वस्तीत घडणाऱ्या या मडक्याचा हा गुण मला आधी माहीत नव्हता, म्हणून पहिल्या दोन वेळी मासा जास्त शिजला आणि तुकडे फुटले. आता साडेतीन वर्षं झाली, आठवड्यातून एकदा तरी हे मडकं चुलीवर चढतं. एवढ्या वापरानंतर त्याच्याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं, कारण ब्राझीलला येणारी आपली बरीच माणसं जाताना हे मडकं घेऊन जातात आणि घरी शोभेला ठेवतात. तसं करू नका हो. ते रांधायचं भांडं आहे.

मी वेंगुर्ल्याची. नवऱ्याची नोकरी बंदरातली, म्हणून आम्ही व्हितोरियाला राहतो. व्हितोरिया ही एस्पीरितो सान्तो राज्याची राजधानी. रिओच्या उत्तरेला, बरंचसं बेटावर वसलेलं, खाडी आणि कांदळवनं असलेलं शहर. पहिल्यांदा विमानतळावरून घरी येताना खिडकीतून कांदळवन दिसलं आणि त्या वासाने पोटात कालवाकालव झाली, इतका तो आमच्या खाडीचा वास होता. इथल्या माणसांना कापिशाबा म्हणतात.

ब्राझिली जेवण म्हटलं की बाहेरच्यांना फेजोआदा आठवते, काळा राजमा आणि डुकराचं मांस तासन् तास शिजवलेलं. ती इथेही होते. पण कापिशाबा घरात पाहुणे यायचे असले की मोकेका, म्हणजे माशाचं कालवण. उत्तरेला बाइया राज्यातही मोकेका करतात, त्यात नारळाचं दूध आणि देंदे नावाचं लालभडक पामतेल घालतात, ढोबळी मिरचीही घालतात. मला तोही आवडतो, नारळाच्या दुधामुळे लगेच ओळखीचा वाटतो. कापिशाबा मोकेकात यातलं काहीच नाही. मासा, टोमॅटो, कांदा, लसूण, भरपूर कोथिंबीर, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि उरुकुम नावाच्या बियांचा रंग. पाण्याचा थेंब नाही. आणि तो काळ्या मडक्यातच करायचा, हा इथला दंडक. शेजारच्या आजींनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की स्टीलच्या पातेल्यात केलास तर त्याला मोकेका म्हणू नकोस, मासा शिजवला म्हण. मला तेव्हा तो निव्वळ अभिमान वाटला. मडकं वापरल्यावर कळलं, त्यामागे कारण आहे.

हे मडकं मिळतं गोयाबेरास या वस्तीत. नावाचा अर्थ पेरूची झाडं. शहराच्या उत्तर भागात, विमानतळापासून जवळ, खाडीच्या कडेला मडकी करणाऱ्या बायकांची एक मोठी शेड आहे. या बायकांना पानेलेरास म्हणतात, मडकीवाल्या. तुम्ही एक संध्याकाळ जरी व्हितोरियात असलात तरी तिथे जा. एकीकडे बाया माती मळताहेत, दुसरीकडे वाळत घातलेली मडकी, मागच्या अंगणात आगटी, आणि पुढे विक्री. दुकान आणि कारखाना यांच्यात पडदा नाही. ज्या हातांनी मडकं घडवलं, त्याच हातात पैसे द्यायचे.

माती शहरातल्याच मुलेम्बा खोऱ्यातून येते. ती पायांनी तुडवतात, खडे वेचतात, आणि मग फळीवर गोळा ठेवून हातानेच मडकं उभं करतात. चाक नाही. आमच्या कुंभारवाड्यात चाकावर मडकं उठताना मी लहानपणी तासभर उभी राहून बघायची, त्यामुळे इथे चाक नाही हे बघून मला फार नवल वाटलं. भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने आतून गोलाई देतात, लोखंडी पट्टीने जास्तीची माती खरवडतात. जरा सुकलं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणतात. मग उघड्यावर लाकडांच्या ढिगात भाजतात.

खरी गंमत पुढे आहे. मडकं आगीतून लालबुंद निघतं, लांब काठीने ते बाहेर ओढतात, आणि तसंच गरम असताना बारीक फांद्यांच्या झाडूने त्यावर काळसर पाणी सपासप मारतात. त्या झाडूला मुशिंगा म्हणतात. पाणी असतं कांदळीच्या सालीचं, साल कुटून कित्येक दिवस भिजवून काढलेलं. पाणी लागताक्षणी चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, आणि तांबडी माती डोळ्यांदेखत काळी होते. सालीतल्या टॅनिनमुळे हा रंग चढतो, आणि मातीची छिद्रंही त्याने काहीशी बुजतात. साल काढणारी माणसं झाडाच्या एकाच बाजूची साल काढतात, म्हणजे झाड जगतं. मी उभी होते तिथे धुराने डोळे चुरचुरत होते, पण पाऊल मागे घ्यावंसं वाटेना.

ही विद्या मूळची इथल्या आदिवासींची. गोयाबेरास नावाच्या जागी अशी मातीची भांडी होतात, याची नोंद सेंत-हिलेर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करून ठेवली आहे. आईकडून लेकीकडे असं ते आजवर आलं. 2000 साली ब्राझील सरकारने अमूर्त वारशाची नोंदवही सुरू केली, आणि 2002 साली त्यात पहिली नोंद या पानेलेरासच्या कामाची झाली. संपूर्ण देशात पहिली. आणि 2011 मध्ये गोयाबेरास या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडे हापूसला असतं तसं.

हे मानांकन का हवं, ते मला पदरचे पैसे घालवून कळलं. माझं पहिलं मडकं मी समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका दुकानातून घेतलं होतं. काळंभोर, सगळीकडून सारखं, अगदी देखणं. पहिल्या धुण्यात पाणी काळं झालं, दुसऱ्या वेळी आत लिंबाचा रस गेला तिथे भुरा डाग पडला. तो वरून दिलेला रंग होता. मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा या गोष्टीचं की त्या शेडमध्ये धुरात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या नावावर ते विकलं जात होतं. म्हणून खरं मडकं ओळखायच्या खुणा सांगते. आतून बोट फिरवा, चाकाच्या गोल गोल रेघा लागल्या तर ते हाताने घडवलेलं नाही. खऱ्या मडक्याचा काठ किंचित खालीवर असतो. काळा रंग एकसारखा नसतो, झाडूच्या फटक्यांचे ठिपके आणि ओघळ दिसतात, कुठे तांबूस छटा राहते. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं होत नाही. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे सरळ शेडमध्ये जाऊन घ्या.

मी दुसरं मडकं घ्यायला गेले तेव्हा एका वयस्क बाईंनी मला विचारलं, घरात माणसं किती, चूल कोणती, मासा कोणता करतेस. मग स्वतः तीन मडकी वाजवून पाहिली, टिचकी मारून, आपल्याकडे माठ घेताना वाजवतात तशी, आणि एक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, पोरी, हे घे, याची कड जाड आहे, तुझ्याकडून लवकर फुटणार नाही. रुंदीला एक वीत आणि चार बोटं, उंचीला जेमतेम मनगटाखाली येईल इतकं, दोन्ही बाजूंना कान, वर मातीचंच झाकण. चार माणसांचं माप. किंमत म्हणाल तर इथल्या बऱ्यापैकी हॉटेलात दोन माणसांच्या मोकेकाला जे बिल येतं, त्याहून कमी. एवढ्या मेहनतीच्या मानाने मला ती कमीच वाटते. मी घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका.

आपल्या मडक्याचा बुडखा गोल असतो, तो चुलीच्या तीन दगडांवर बसतो. याचा तळ सपाट आणि जाड, त्यामुळे गॅसवर न डगमगता बसतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही मोठी सोय. इंडक्शनवर मात्र चालणार नाही, हे आधीच लक्षात घ्या.

घरी आणल्यावर आधी मडकं मुरवायचं. मला त्या बाईंनी सांगितलं तसंच मी केलं. आतून बाहेरून तेलाचा हात फिरवला, आत आणखी थोडं तेल सोडलं, आणि मंद आचेवर ठेवलं. हळूहळू तेल मातीत जिरतं आणि धूर यायला लागतो, बराच येतो, खिडक्या उघड्या ठेवा. तेल पूर्ण सुकलं की गॅस बंद करायचा आणि मडकं आपसूक गार होऊ द्यायचं. मी हे दोनदा केलं. नंतर धुताना मऊ स्पंज आणि अगदी थोडा साबण, तारेची घासणी कधीच नाही. आणि धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय झाकण घालून कपाटात ठेवू नका, पावसाळी हवेत बुरशी धरते.

आता त्यातलं जेवण. मासा लागतो घट्ट मांसाचा. इथे बादेजो घेतात, आपल्या हेकरूच्या जातकुळीतला, नाहीतर रोबालो. साधारण सव्वा किलो, दोन बोटं जाडीच्या तुकड्या. त्यांना मीठ, लिंबू, ठेचलेली लसूण लावून अर्धा तास ठेवायचं. उरुकुम म्हणजे आपली शेंदरी, तिच्या बिया. इथले आदिवासी तो रंग अंगाला लावत आले आहेत. बाजारात कोलोराउ नावाची तयार पूड मिळते, पण तिच्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, कालवण गढूळ होतं. बियाच घ्या, तेलात मंद आचेवर रंग सुटेपर्यंत ठेवा, जाळू नका, आणि गाळून घ्या. केशरी तेल तयार. चवीला सौम्य, किंचित मातकट.

मडक्यात हे तेल, थोडं ऑलिव्ह तेल, लसूण, कांदा. मडकं तापायला वेळ घेतं, घाई करून आच वाढवू नका, तडा जातो. कांदा मऊ झाला की मूठभर कोथिंबीर, त्यावर माशाच्या तुकड्या एका थरात, एकावर एक नाही. वर चिरलेले टोमॅटो, उरलेला कांदा, कांद्याची पात, पुन्हा कोथिंबीर, वरून उरुकुमच्या तेलाची धार. झाकण. आणि आता हात बांधून उभं राहायचं. ढवळायचं नाही. पळी लावली तर मासा मोडतो. मडक्याचे कान फडक्याने धरून फक्त हलकेच हिंदकळवायचं, दोनदा, फार तर तीनदा.

पहिली दहा मिनिटं काही होत नाही, आणि पाणी घालावं असा मोह होतो. घालू नका. मग टोमॅटो फुटतात, मासा पाणी सोडतो, आणि झाकण उघडलं तर तुकड्या अर्ध्या रसात बुडालेल्या दिसतात. सगळी चव त्या रसात असते. पातळ बुडाच्या पातेल्यात हेच करून पाहिलं तर पाणी सुटायच्या आत खालचा कांदा करपतो. जाड मातीत उष्णता चारी बाजूंनी हळू येते, म्हणून पाण्याशिवाय निभतं. शेजारच्या आजींच्या बोलण्यातलं कारण ते हेच. वीस ते पंचवीस मिनिटांचा खेळ, पण मासा पूर्ण शिजायच्या चार मिनिटं आधी गॅस बंद करा. उरलेलं काम मडकं बघून घेतं.

सोबत भात आणि पिरांव. माशाचं डोकं आणि काटे उकळून पाणी गाळायचं, त्यात मोकेकाचा थोडा रस घालायचा, आणि कसाव्याचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून हळूहळू सोडत ढवळायचं. ज्यांना तांदळाची उकड जमते त्यांना पिरांव शिकवावा लागत नाही, हात तोच चालतो. हा कसावा म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंद. दक्षिण अमेरिकेतला हा कंद आपल्या एकादशीच्या ताटात जाऊन बसला, आणि आपल्याकडची नारळाची झाडं पोर्तुगीजांबरोबर इकडच्या किनाऱ्यावर आली. काजू तर झाडासकट आणि नावासकट इथून गोव्याला गेला, तो शब्दच इथल्या तुपी भाषेतला. जेवायला बसलं की मला हे दर वेळी आठवतं आणि परकं वाटणं थोडं कमी होतं.

मासे न खाणाऱ्यांसाठी पिकलेल्या मोठ्या केळ्यांचा मोकेका होतो, इथे तो माशाबरोबर बाजूलाही वाढतात. केळं राजेळीच्या जातीचं हवं, शिजवून खायचं. अंगठ्याएवढे काप, बाकी सगळं तेच, दहा मिनिटांत होतं. आंबट, गोड, कोथिंबिरीचा वास. माझी सोमवारची सोय झाली. त्यासाठी मात्र मी लहान मडकं वेगळं घेतलं, कारण मोठ्याला माशाचा वास कायमचा लागलाय. माती वास धरते, याला इलाज नाही. एकदा त्यात बांगड्याचं तिखलं केलं होतं, पुढचे दोन मोकेका तिखल्याच्या आठवणीत गेले. तेव्हापासून त्यात फक्त मोकेका.

आणखी काही उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. मडकं जड आहे, भरल्यावर एका हाताने उचलता येत नाही. टेबलावर ठेवायला लाकडी पाट किंवा जाड चुंबळ हवीच, मी सुती साडीची चुंबळ करून ठेवली आहे. झाकणाचा काठ मडक्यावर तंतोतंत बसत नाही, फटीतून वाफ निघते, हाताने घडवलेल्या वस्तूत ते यायचंच. आणि गरम असताना गार दगडी ओट्यावर टेकवू नका. माझं पहिलं झाकण असंच गेलं, ओला ओटा, तापलेलं झाकण, टक् आवाज, सरळ दोन तुकडे. चूक माझी होती. शेडमध्ये झाकण वेगळं मिळालं, त्या बाईंनी माझं मडकं मागवून घेतलं आणि चार झाकणं लावून बघून त्यातलं एक दिलं.

जायचं असेल तर ईस्टरच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. गुड फ्रायडेला इथे घरोघरी तोर्ता कापिशाबा करतात, खारवलेला कॉड, कोळंबी, खेकडा, शिंपल्या, पामचा गाभा, वरून अंड्यांचा थर, आणि तीही याच मडक्यात भाजतात. त्या दिवसांत मागणी इतकी असते की निवडायला मडकी शिल्लक राहत नाहीत. बायकांना बोलायलाही फुरसत नसते.

गेल्या मे महिन्यात गावी जाताना एक मडकं आईसाठी नेलं. सामानात दिलं नाही, साड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत, विमानांत आणि रात्रीच्या रेल्वेत मांडीवर धरून. सुरमईचा मोकेका केला, उरुकुमच्या बिया इथून नेल्या होत्या. आई बाजूला उभी राहून बघत होती. झाकण काढलं तशी म्हणाली, "पाणी नाय घातलंस? मगे शिजला कसा?" मग तिने बोटाने रस चाखला, काही बोलली नाही, आणि भात वाढायला घेतला. रात्री मडकं तिनेच धुतलं, नारळाच्या काथ्याने, अगदी हलक्या हाताने, आणि चुलीशेजारी उपडं घातलं.

परवा तिचा फोन आला होता. मावशीने ते मडकं पाहिलंय आणि तिलाही हवंय, पण सात माणसांचं. आईने मापाचा दोरा माझ्या भावाकडे देऊन ठेवलाय, त्याने तो पट्टीवर धरून फोटो पाठवला. शनिवारी सकाळी शेडमध्ये जाणार आहे. एवढं रुंद तिथल्या बायका आयतं ठेवत नाहीत, सांगून करून घ्यावं लागेल.